चेंडू आणि दोरी

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील शस्त्रवैद्य विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ साली स्तनकर्करोगाच्या पन्नास रुग्णांवरील शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि स्तनाबरोबरच छातीचा मोठा स्नायू व काखेतील लसिकाग्रंथी समूळ काढून टाकण्याची त्यांची पद्धत पुढे पाऊणशे वर्षे वैद्यकविश्वाने शिरोधार्य मानली. हाताचे काय होणार, ही बाब त्यांच्या ध्यानातून सुटली नव्हती. परंतु प्राणांपुढे ती क्षुल्लक, शिवाय या स्त्रिया सरासरीने पंचावन्नच्या घरातल्या, समाजव्यवहारातून निवृत्त होत चाललेल्या, असा निवाडा देऊन त्यांनी ते प्रकरण निकालात काढले. पंचावन्न वर्षांच्या बाईच्या हातांवर अवघा संसार चाललेला असतो. त्या हाताला हिशेबातून वगळणारा हा निवाडा वाचताना मला आजही व्यथा होते.

स्नायू गेलेला, त्वचा ताणून शिवलेली, काखेत व्रण, अशा अवस्थेत वेदनेच्या भयाने स्त्री हात अंगाशी धरून बसते आणि न हललेला खांदा दिवसेंदिवस आखडत जातो. मग केस विंचरणे, पाठीवरची गुंडी लावणे, फळीवरचा डबा काढणे ही कामे अशक्यप्राय होतात. लसिकेच्या वाटा तुटल्यामुळे हाताला सूज येते ती निराळीच. तिच्यावर हॉल्स्टेड यांनीच १९२१ साली लेख लिहिला.

१९५२ साली हीच शस्त्रक्रिया न्यूयॉर्कच्या टेरीस लॅसर यांच्यावर झाली. आता पुढे या हाताचे काय करावयाचे, या साध्या प्रश्नाला उत्तर देणारे त्यांना कोणी भेटले नाही, तेव्हा ते त्यांनी स्वतः मिळविले आणि डॉक्टरांच्या नाराजीची पर्वा न करता इतर स्त्रियांच्या खाटांपाशी नेऊन पोहोचविले. त्यांच्या शिदोरीत तात्पुरता कृत्रिम स्तन, एक छोटा रबरी चेंडू आणि एक दोरी असे. मूठ आवळताना हाताचे स्नायू लसिकेला वर ढकलतात, म्हणून चेंडू. दारावरून टाकलेल्या दोरीची दोन टोके धरली की धडधाकट हात दुखऱ्या हाताला हलकेच वर ओढतो, म्हणून दोरी. हे व्यायाम शिकविणाऱ्या बाईने ते दुःख स्वतःच्या देहावर सोसलेले होते, यातच त्यांचे निम्मे बळ होते, असे मला वाटते. ‘रीच टु रिकव्हरी’ या नावाने चाललेला हा उपक्रम १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने आपल्या पदरी घेतला.

शस्त्रक्रियाही दरम्यान सौम्य होत गेली. लंडनच्या डेव्हिड पेटी यांनी १९४८ साली छातीचा मोठा स्नायू राखणारी पद्धत मांडली. पुढे काखेतील सर्व ग्रंथी न काढता पहिली एखाददुसरीच तपासून पाहण्याची तजवीज झाली. तथापि किरणोपचारानंतर खांदा अद्यापही आखडतो, आणि भौतिकोपचारतज्ज्ञ अद्यापही रुग्णाला भिंतीसमोर उभे करून बोटांनी वर चढावयास सांगतात; बोटे जेथे थांबली तेथे पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढावयाची, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यापासूनच पुढे चढावयाचे.