तौरातची जागरण-रात्र : सफदपासून बगदादपर्यंत

रमजानच्या सत्ताविसाव्या रात्री आपल्या मोहल्ल्यांत सहसा कुणी झोपत नाही. मशिदीत कुरआनपठण चालू असतं, नफ्ल नमाजा होतात, बाहेर चहाची किटली फिरत असते. लहान मुलंही त्या रात्री जागण्याचा हट्ट धरतात. कारण सगळ्यांना माहीत असतं. शब-ए-कद्र ही कुरआन उतरल्याची रात्र आहे आणि ती बहुधा हीच, असं लोक मानतात.

ईश्वरी ग्रंथ मिळाल्याच्या आठवणीत रात्रभर जागणारा आणखी एक समाज आहे, तो म्हणजे ज्यू. त्यांच्या या सणाचं नाव शावुओत. आज ज्यू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे इस्रायलचं सरकार, रणगाडे आणि बातम्या येतात. एका राज्यसत्तेचा राग मनात ठेवून आपण तीन हजार वर्षांची एक धर्मपरंपरा वाचायचंच सोडून दिलंय. तिच्या इतिहासात आपण जागोजागी आहोत. काही ठिकाणी आपली जागा अभिमानाची आहे, काही ठिकाणी मान खाली घालायला लावणारी. हा लेख त्या दोन्ही जागांबद्दल आहे.

आठवड्यांचा सण

शावुओत या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘आठवडे’. पेसाह म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटका झाल्याचा सण. त्याच्या दुसऱ्या रात्रीपासून सात आठवडे एकेक दिवस मोजायचा आणि पन्नासाव्या दिवशी शावुओत साजरा करायचा. ज्यू पंचांगात तो सिवान महिन्याच्या ६ तारखेला येतो, म्हणजे आपल्या हिशेबाने मे किंवा जून.

मुळात हा शेतकऱ्यांचा सण. गव्हाची कापणी व्हायची, पहिली फळं टोपलीत घालून जेरुसलेमच्या मंदिरात न्यायची. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर पाडलं. मंदिरच नाही तर फळं न्यायची कुठे? या काळात रब्बींनी सणाचा दुसरा अर्थ ठळक केला. सीना पर्वतावर हजरत मूसांच्या हाती तौरात आली तो हा दिवस. देश गेला, शेत गेलं, मंदिर गेलं. हातात ग्रंथ उरला, म्हणून सण ग्रंथाचा झाला.

सीना पर्वताची ही कथा मुस्लिम वाचकाला परकी नाही. मूसांना ठरलेल्या तीस रात्री आणि त्यात मिळवलेल्या दहा, अशा चाळीस रात्रींचा उल्लेख सूरह आराफमध्ये आहे. इस्रायलच्या वंशजांवर पर्वत उचलून धरला आणि वचन घेतलं, हा प्रसंग सूरह बकरामध्येही येतो. तोच प्रसंग तालमूदमध्ये चर्चेला आहे. तिथले रब्बी विचारतात की डोक्यावर डोंगर धरून घेतलेलं वचन बंधनकारक कसं? धर्म जबरदस्तीने स्वीकारला जातो की राजीखुशीने, हा प्रश्न त्यांनी त्यांच्या सर्वांत पवित्र प्रसंगालाच विचारला.

सणाच्या सकाळी सिनेगॉगमध्ये दहा आज्ञांचा भाग वाचतात आणि सगळी जमात उभी राहून ऐकते. अनेक समाजांत रूथची कथाही वाचतात. रूथ ही मोआबची परकी स्त्री, जी सासूच्या मायेने ज्यूंमध्ये मिसळली आणि पुढे हजरत दाऊदांची पणजी ठरली. घरोघरी दुधाचे पदार्थ होतात.

रात्रीची सुरुवात

रात्रभर जागण्याची प्रथा मात्र फार जुनी नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये प्रसिद्धीस आलेल्या ‘जोहर’ या गूढवादी ग्रंथात या रात्री न झोपता तौरात अभ्यासणाऱ्या धर्मनिष्ठांचा उल्लेख आहे. पण ते मोजक्या साधकांचं काम होतं. सामान्य माणसांपर्यंत ते पोहोचलं ऑटोमन साम्राज्यात.

१४९२ मध्ये गरनाता पडलं आणि त्याच वर्षी स्पेनच्या कॅथलिक राजा-राणीने ज्यूंना देश सोडण्याचा हुकूम दिला. सुलतान बायजीद दुसरा याने आपली बंदरं त्यांच्यासाठी उघडली. इस्तंबूल, सलोनिका, एदिर्ने इथे त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. याच निर्वासितांत योसेफ कारो नावाचा लहान मुलगा होता. तो मोठा होऊन ‘शुल्हान आरुख’ हा ज्यू धर्मशास्त्राचा प्रमाणग्रंथ लिहिणार होता. हा ग्रंथ १५६५ मध्ये व्हेनिसला छापला गेला आणि आजही तो ज्यू शरियतचा आधार मानला जातो.

१५३० च्या दशकात बाल्कन भागात राहणारे कारो आणि त्यांचे सहकारी श्लोमो अल्काबेत्झ शावुओतच्या रात्री काही मित्रांसह जागले. अल्काबेत्झ यांनी या रात्रीचं वर्णन एका पत्रात केलंय. मध्यरात्री कारोंच्या मुखातून एक गूढ आवाज बोलू लागला. त्याने त्यांच्या अभ्यासाची तारीफ केली, पण एक उणीवही दाखवली. ते दहा जण नव्हते. ज्यू धर्मात सामूहिक प्रार्थनेसाठी किमान दहा माणसं लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. दुसऱ्या रात्री ते दहा जण जमले.

ही गोष्ट चमत्कार म्हणून घ्यायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. इतिहासाच्या दृष्टीने त्यातला ‘दहा’ हा आकडा महत्त्वाचा आहे. एकट्याने केलेला अभ्यास पुरेसा नाही, जमात हवी, असं तो आकडा सांगतो. एकट्याच्या नमाजीपेक्षा जमातीच्या नमाजीचा सवाब मोठा, हे लहानपणापासून ऐकलेल्या आपल्याला ते वेगळं समजावून सांगायला नको.

पुढे हे दोघेही पॅलेस्टाईनमधल्या सफदला गेले. ऑटोमन अमलाखालचं हे डोंगरी गाव सोळाव्या शतकात ज्यू गूढवादाचं केंद्र बनलं. तिथून रात्रीच्या वाचनाचा क्रम ठरत गेला, त्याला ‘तिक्कून’ म्हणतात. तौरातच्या प्रत्येक विभागाची सुरुवात आणि शेवट, नबींचे ग्रंथ, मिश्नाच्या प्रत्येक प्रकरणातला थोडा अंश, सहाशे तेरा आज्ञांची यादी असं सगळं त्यात येतं. आलिम नसलेल्या दुकानदारालाही एका रात्रीत आपल्या सगळ्या ग्रंथसंपदेला स्पर्श करता यावा, अशी ही सोय. गंमत अशी की खुद्द कारोंच्या ‘शुल्हान आरुख’मध्ये या जागरणाचा नियम नाही. कायद्याने सांगितलेलं नसताना लोकांनी ते आपलंसं केलं.

सूफींची कॉफी

लोक एकाएकी रात्रभर जागू कसे लागले? इलियट होरोविट्झ या इतिहासकाराने १९८९ मध्ये एका लेखात याचं एक उत्तर मांडलं, ते म्हणजे कॉफी.

कॉफी पिण्याची रीत पंधराव्या शतकात येमेनच्या सूफींमध्ये रुजली. रात्रीच्या जिक्रमध्ये झोप येऊ नये म्हणून ते ती प्यायचे. तिथून ती मक्का आणि कैरोला गेली. १५११ मध्ये मक्केच्या एका अधिकाऱ्याने तिच्यावर बंदी घातली, ती टिकली नाही. १५५० च्या दशकात इस्तंबूलमध्ये कॉफीखाने सुरू झाले. याच प्रदेशात आणि याच शतकात ज्यूंचे रात्रीचे विधीही वाढत गेले. होरोविट्झ यांनी या दोन गोष्टींचा संबंध जोडून दाखवला.

कॉफीवर रब्बींनाही फतवे द्यावे लागले. कैरोचे मोठे रब्बी डेव्हिड इब्न जिम्रा हेही स्पेनमधून हाकललेल्यांपैकीच. त्यांचं मत असं की गैरज्यूने बनवलेली कॉफी प्यायला हरकत नाही, पण कॉफीखान्यात जाऊन बैठक मारू नये. आपल्याकडच्या मौलानांनी चहाच्या टपरीबद्दल असंच काहीसं म्हटलं असतं.

येमेनी सूफीने अल्लाहच्या जिक्रसाठी शोधलेलं पेय अशा रीतीने तौरातच्या अभ्यासासाठी जागणाऱ्या ज्यूच्या हाती आलं. यात कुणी कुणावर उपकार केले नाहीत. एकाच गल्लीत राहणाऱ्यांचं असंच होतं.

दुसरं उदाहरण इस्राएल नजारा यांचं. दमास्कसमध्ये वाढलेले आणि पुढे गाझाचे रब्बी झालेले हे कवी हिब्रू गीतं तुर्की आणि अरबी चालींवर रचायचे. त्यांनी शावुओतसाठी एक ‘केतुबा’ लिहिला. केतुबा म्हणजे ज्यूंचा निकाहनामा. देव आणि इस्रायल समाज यांच्यात सीना पर्वतावर जणू लग्नच लागलं, असं मानून हा करार लिहिलाय. पूर्वेकडच्या अनेक सिनेगॉगमध्ये तो सणाच्या दिवशी वाचला जातो. आज गाझा हे नाव उच्चारताना तिथे असा एक रब्बी होऊन गेला, हे कुणाच्या मनातही येत नाही.

जियारतीची ईद

इराकचे ज्यू शावुओतला ‘ईद अल-जियारा’ म्हणत, म्हणजे जियारतीची ईद. या दिवसांत ते नबींच्या मजारींवर जात. अल-किफ्लला हजरत हिजकील, दक्षिणेत अल-उजैरला हजरत उजैर (एज्रा) आणि उत्तरेत अलकोशला नहूम. अलकोशमध्ये कुर्दी ज्यू डोंगर चढून सीना पर्वताचा प्रसंग जिवंत करत. अल-किफ्लच्या मजारीवर मुसलमानही येत, कारण अनेक मुसलमान कुरआनातले जुल-किफ्ल म्हणजे हिजकील असं मानतात. बाराव्या शतकात तिथे गेलेल्या तुदेलाच्या बेंजामिन या ज्यू प्रवाशाने मुसलमानांच्या या जियारतीची नोंद केली आहे.

१ जून १९४१ हा रविवार होता, शावुओतचा पहिला दिवस. एप्रिलमध्ये सत्ता बळकावलेलं रशीद अली अल-गैलानी यांचं जर्मनधार्जिणं सरकार ब्रिटिशांपुढे कोसळलं होतं. पळून गेलेला रीजंट अब्द अल-इलाह त्या दिवशी बगदादला परतत होता. सणाचे कपडे घातलेले काही ज्यू त्याच्या स्वागताला गेले. परतताना त्यांच्यावर हल्ला झाला आणि दंगल शहरभर पसरली. सैनिक, पोलीस आणि तरुणांच्या टोळ्या त्यात होत्या. घरं, दुकानं लुटली, माणसं मारली, बायकांवर अत्याचार झाले. ब्रिटिश फौज शहराच्या वेशीवर थांबून राहिली. २ जूनच्या दुपारी इराकी सैन्याने गोळीबार केला तेव्हा दंगल थांबली. इराकच्या चौकशी समितीने मृतांचा आकडा ११० दिला, ज्यू समाजाच्या मोजणीत तो सुमारे १८० आहे. या घटनेला ‘फरहूद’ म्हणतात.

नाझी प्रचार, बर्लिनचा अरबी रेडिओ, ब्रिटिशांवरचा राग, पॅलेस्टाईनचा प्रश्न अशी कारणं इतिहासकार सांगतात. ती खरीही आहेत. पण ही कारणं सांगून हात झटकता येत नाहीत. ज्या ज्यूंना मारलं ते ना लंडनचे होते ना तेल अवीवचे. ते अरबी बोलणारे बगदादी होते, इस्लामच्याही कितीतरी आधीपासून त्या मातीत राहणारे. आपल्याकडे दंगलीनंतर ‘आधी तिकडे काय झालं ते बघा’ असं कुणी म्हणतं तेव्हा आपल्याला जे वाटतं, तेच इथे स्वतःला विचारायला हवं.

त्याच दोन दिवसांत अनेक मुसलमान शेजाऱ्यांनी ज्यू कुटुंबांना घरात लपवलं, दारात उभं राहून जमावाला परतवलं. वाचलेल्यांनीच हे सांगून ठेवलंय. पण त्यांचं नाव घेऊन मारेकऱ्यांना झाकणं हा त्या शेजाऱ्यांचाच अपमान ठरेल.

पुढे इस्रायल बनलं, इराकमध्ये ज्यूंवर निर्बंध आले. १९५० मध्ये नागरिकत्व सोडून जाण्याचा कायदा झाला, १९५१ मध्ये जाणाऱ्यांची मालमत्ता गोठवली गेली. सुमारे १ लाख २० हजार लोक विमानांनी इस्रायलला गेले. त्या मोहिमेला एज्रा आणि नहेम्या अशी नावं दिली होती. ज्या उजैरच्या मजारीवर ते सणाला जात, त्याच्याच नावाने त्यांनी देश सोडला.

पुण्याचं लाल देऊळ

याच बगदादचा एक धागा आपल्याकडे येतो. गव्हर्नर दाऊद पाशाच्या जाचाला कंटाळून डेव्हिड ससून बगदादहून निघाले आणि १८३२ मध्ये मुंबईत आले. भायखळ्याचं मागेन डेव्हिड आणि पुण्याचं ओहेल डेव्हिड ही त्यांनी उभारलेली सिनेगॉग. पुणेकर ओहेल डेव्हिडला लाल देऊळ म्हणतात आणि ससून यांची कबर त्याच आवारात आहे. त्याआधी शेकडो वर्षं कोकणात राहणारे मराठीभाषक बेने इस्राएल तर उपासाला रोजा म्हणत, त्यांच्या धर्मप्रमुखांना काजी म्हणत. मुंबईतल्या त्यांच्या १७९६ च्या पहिल्या सिनेगॉगला लोक ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखत.

नमाजीच्या जागेला मशीद म्हणायचं, मग ती कुणाचीही असो, इतकं साधं ते होतं. पुढच्या शब-ए-कद्रला जागताना कुणी मूल विचारेल की असं आणखी कोण जागतं. तेव्हा त्याला त्या दहा माणसांबद्दल सांगावं आणि थोडं मोठं झालं की बगदादच्या त्या रविवारबद्दलही.