‘क्विक’ : एका शब्दाचा प्रवास

‘क्विक’ हा इंग्रजी शब्द आता आपल्या घरांत चांगलाच रुळला आहे. शाळेची बस चुकू नये म्हणून आई मुलाला ‘क्विक, क्विक’ म्हणत उठवते. लवकर, झटपट, हाच अर्थ आपल्याला ठाऊक असतो. परंतु या शब्दाचा मूळ अर्थ ‘जिवंत’ असा आहे, हे सांगितले तर पुष्कळांना आश्चर्य वाटेल.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘क्विक’ म्हणजे ज्याच्यात जीव आहे तो. भाषाशास्त्रज्ञ लॅटिनमधील ‘वीवुस’, संस्कृतमधील ‘जीव’ आणि हा शब्द एकाच प्राचीन मुळापासून निघालेले मानतात. म्हणजे आपला ‘जीव’ आणि इंग्रजांचा ‘क्विक’ ही दूरची भावंडेच!

या अर्थाची साक्ष आपल्या श्रद्धेच्या परंपरेतही सापडते. ख्रिस्त जिवंतांचा आणि मृतांचा न्याय करील, अशी आपली श्रद्धा. विल्यम टिंडेल यांच्या १५२६ च्या नव्या करारात, इंग्लंडच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात आणि १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये ‘जिवंत’ या ठिकाणी ‘क्विक’ हाच शब्द आहे. आजच्या इंग्रजी मिस्सात मात्र आपण ‘लिव्हिंग’ म्हणतो.

काही जोडशब्दांत जुना अर्थ अद्याप टिकून आहे. पारा हातावर ठरत नाही, सजीवासारखा पळतो. म्हणून तो ‘क्विकसिल्व्हर’, जिवंत चांदी. पाय ओढून घेणारी रुपण ती ‘क्विकसँड’. नखाखालच्या हुळहुळ्या मांसालाही इंग्रजीत ‘क्विक’च म्हणतात. मराठीत त्याच जागेला आपण ‘जिव्हाळी’ म्हणतो. दोन्ही भाषांनी जीव नेमका तेथेच पाहिला!

मातेला उदरातील बाळाची पहिली हालचाल जाणवते, तिला ‘क्विकनिंग’ म्हणतात. इंग्लंडच्या १८०३ च्या कायद्याने या हालचालीनंतरच्या गर्भपाताला देहान्ताची शिक्षा ठेवली होती, तर त्याआधीच्या गर्भपाताला त्याहून सौम्य. १८३७ मध्ये हा भेद रद्द झाला. हालचाल कळली तेव्हा जीव आला, असे मानण्याची ती जुनी समजूत होती. आईला चाहूल लागण्यापूर्वीच बाळाचे हृदय धडधडत असते, हे आज आपण जाणतो.

मग ‘जिवंत’चे ‘जलद’ कसे झाले? आपल्या विहिरींकडे पाहावे. ज्या झऱ्याचे पाणी आटत नाही, सतत वाहते, त्याला आपण ‘जिवंत झरा’ म्हणतो. जे जिवंत ते हलते; जे हलते ते चपळ; जे चपळ ते वेगवान. अशा पायऱ्यांनी तेराव्या-चौदाव्या शतकांच्या सुमारास या शब्दाला वेगाचा अर्थ चिकटला. पुढे जिवंतपणाचा अर्थ ‘लिव्हिंग’ने उचलला आणि ‘क्विक’कडे बहुतांशी घाईच उरली.

जे शब्दाचे झाले ते आपलेही होऊ पाहत आहे. काही वर्षांपूर्वी एका वृद्ध आजारी आजींना मी कम्युनियन देण्यास गेलो होतो. पुढे आणखी चार घरे होती. प्रार्थना आटोपून मी उठलो, तेव्हा त्या म्हणाल्या, “फादर, देव आला तो राहिला, तुम्ही मात्र लगेच निघालात.” ते वाक्य माझ्या जिव्हारी लागले. मी पुन्हा बसलो. त्या फारसे बोलल्या नाहीत. केवळ हात धरून राहिल्या.

त्या दिवशी पुढच्या घरांना मला उशीर झाला. कोणीही रागावले नाही. परंतु ‘क्विक’ या शब्दाचा जुना अर्थ मला कोशात नव्हे, त्या आजींच्या हाताच्या उबेत समजला. उद्या सकाळी मुलाला ‘क्विक’ म्हणून हाक माराल, तेव्हा क्षणभर त्याच्या कपाळावर हात ठेवावा. बस चुकणार नाही. आणि शब्दाला त्याचा हरवलेला अर्थ परत मिळेल.