सातबाऱ्यावरचा शेतकरी

नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या गावात वर्षातून तीनदा दोन-दोन हजार रुपये येतात. ज्यांना येतात ते शेतकरी. मग ज्यांना येत नाहीत ते कोण? हा प्रश्न माझ्या आईचा. ती माझ्या जन्माआधीपासून गायरानातली अडीच एकर कसते आहे. मी इतिहास शिकवतो, घरातला पहिला पदवीधर. उत्तर देणे मला भाग होते.

पंतप्रधान किसान सन्मान निधी २०१९ च्या अर्थसंकल्पात आला. वर्षाला सहा हजार, थेट खात्यात. आधी दोन हेक्टरांची मर्यादा होती, त्याच वर्षी तीही काढली. मला हे पैसे नकोत. प्राप्तिकर भरणाऱ्याला ते मिळतही नाहीत आणि ते योग्यच आहे. पण कळीची अट वेगळीच आहे. १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन नावावर हवी. सातबाऱ्यातला सात हक्काचा, बारा पिकांचा. सरकारने सात वाचला. जमीन बटाईने देऊन तालुक्याला राहणारा त्यामुळे शेतकरी ठरला, आणि नांगर धरणारा बटाईदार ठरला नाही.

सातवर ही नावे आली कशी? जमीन आमच्याकडेही होती, पण वतनाची. १८७४ च्या वतन कायद्याने महाराची गावकी त्या हाडोळ्याला जखडलेली होती. वेळी-अवेळी सरकारी कामाला धावायचे आणि मोबदल्यात भावकीत वाटून वाटून उरलेला तुकडा कसायचा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात हा कायदा बदलण्याचे बिल मांडले. १९२९ साली ते मागे घ्यावे लागले. वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने. जमीन परत मिळणार होती, पण मुदतीत आकाराच्या तिप्पट रक्कम भरून. आज ती रक्कम किरकोळ वाटते. ज्याला मजुरी ज्वारीत मिळत होती, रोकड पैसा ज्याच्या हातात येतच नव्हता, त्याला ती किरकोळ नव्हती. माझ्या आजोबांनी ती भरली नाही. तुकडा सरकारजमा झाला.

मग उरले गायरान. १९५९ साली आणि पुन्हा १९६४ च्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. पडीक जमिनी कसणाऱ्याला द्या, एवढेच मागणे होते. हजारो माणसे तुरुंगात गेली, त्यांत बायका लेकरांना काखेत घेऊन गेल्या. १९९१ साली राज्य सरकारने १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय काढला. आमचा ताबा त्याआधीचा. कचेरीने पुरावा मागितला. अर्ज अजून तिथेच आहे. आईचे नाव सरकारदप्तरी नाही असे नव्हे. ते गाव नमुना १-ई मध्ये आहे. ती अतिक्रमणांची नोंदवही.

नाव नसलेल्याला पैसे द्यायचे तरी कसे, असे माझे एक सहकारी म्हणतात. ओडिशाने त्याच सुमारास कालिया योजना आणली, तिच्यात बटाईदार घेतले आणि भूमिहीनांना शेळ्या-कोंबड्यांसारख्या जोडधंद्यांसाठी साडेबारा हजार ठेवले. छत्तीसगडने २०२१ साली भूमिहीन शेतमजुरांसाठी स्वतंत्र योजना काढली. महाराष्ट्राने २०२३ साली नमो शेतकरी योजनेतून आणखी सहा हजार जोडले, पण यादी मात्र केंद्राचीच घेतली.