काटकोन आधी आला, नव्वद अंश नंतर

१/
मराठी शाळेतले मूल कोनांचे प्रकार पाठ करते ते असे : ९० अंशांपेक्षा लहान तो लघुकोन, बरोबर ९० अंशांचा तो काटकोन, ९० पेक्षा मोठा पण १८० पेक्षा लहान तो विशालकोन. या तिन्ही कोनांच्या व्याख्या सुमारे २३०० वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियात युक्लिडने लिहून ठेवल्या. त्याच्या व्याख्यांत मात्र ९० हा आकडा नाही. त्याच्या भूमितीत अंश हे एककच नाही. मग हे नव्वद आले कोठून? आणि त्यांच्यावाचून कोन शिकवला कसा जात होता?

२/
हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नाही. फळ्यावर दोन समान कोन काढावेत. एकाच्या भुजा वीतभर, दुसऱ्याच्या हातभर लांब ठेवाव्यात आणि मोठा कोन कोणता, असे विचारावे. व्याख्या पाठ असूनही अनेक मुले लांब भुजांच्या कोनाकडे बोट दाखवतात. ही चूक मठ्ठपणाची नव्हे. कोन ही वस्तू दिसते तेवढी सोपी नाही, आणि ती स्वतंत्रपणे ओळखायला मोठमोठ्या संस्कृतींनाही फार काळ लागला.

३/
आरंभ इजिप्तपासून करता येतो. इ.स.पू. १५५० च्या सुमारास आहमोस या लेखनिकाने उतरवलेल्या पपायरसमध्ये, म्हणजे आज ऱ्हाइंड पपायरस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दस्तऐवजात, पिरॅमिडच्या उताराची उदाहरणे आहेत. एका उदाहरणात पाया ३६० हात आणि उंची २५० हात दिली आहे. उतार काढायचा तो असा : एक हात उंची चढताना बाजू किती तळवे आत सरकते? एका हाताचे ७ तळवे धरले की उत्तर येते ५ पूर्णांक १/२५ तळवे. उतार अचूक सापडला, पण कोनाचा उल्लेखही झाला नाही. सारे काम लांबीवर भागले.

४/
भारतात शुल्बसूत्रांचीही रीत हीच. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञवेदीसाठी काटेकोर चौरस आणि आयत आखावे लागत, म्हणजे काटकोन हवाच. आपस्तंबाने महावेदीच्या आखणीसाठी १५, ३६ आणि ३९ या मापांची दोरी वापरली आहे. १५ चा वर्ग २२५, ३६ चा वर्ग १२९६. बेरीज १५२१, म्हणजेच ३९ चा वर्ग. योग्य ठिकाणी खूण केलेली दोरी खुंट्यांना ताणली की काटकोन आपोआप उभा राहतो. आजचा गवंडीही पाया आखताना ३, ४, ५ ची मापे धरून हेच करतो.

५/
दोरीने काटकोन निर्माण होत होता. पण बाकीच्या कोनांना त्याच्याशी ताडून नावे देण्याची गरज तेथे नव्हती. वेदी बरोबर आली की काम संपले. वर्गीकरणाची गरज वेगळ्या ठिकाणी उत्पन्न होते. एखादे विधान सर्व त्रिकोणांना लागू आहे की काहींनाच, हे सिद्ध करायचे असेल, तर त्रिकोणांचे आणि म्हणून कोनांचे प्रकार पाडावेच लागतात. ते काम ग्रीक भूमितीने केले.

६/
युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडात काटकोनाची व्याख्या आहे. तिचा आशय असा : एका सरळ रेषेवर दुसरी सरळ रेषा उभी केली असता दोन्ही बाजूंचे शेजारचे कोन समान झाले, तर त्यांपैकी प्रत्येक कोन काटकोन होय. पुढच्या दोन व्याख्या अगदी आटोपशीर आहेत. काटकोनापेक्षा मोठा तो विशालकोन, काटकोनापेक्षा लहान तो लघुकोन. कोनमापक नाही, आकडा नाही. आहे ती केवळ तुलना.

७/
ही व्याख्या हातांनीही पडताळता येते. कसाही फाटलेला, वेड्यावाकड्या कडांचा कागद घ्यावा. तो एकदा दुमडला की सरळ कड मिळते. ती कड तिच्यावरच जुळेल असा कागद पुन्हा दुमडला की काटकोन मिळतो. घडी उलगडली की दोन घड्यांच्या रेषा एकमेकींना छेदताना दिसतात आणि छेदनबिंदूभोवती चार समान कोन असतात. शेजारचे कोन समान, म्हणून काटकोन. युक्लिडचे वाक्य कागदावर उमटते, आणि त्यासाठी पट्टीही लागत नाही.

८/
नावांतही मौज आहे. ग्रीक भाषेत काटकोन म्हणजे ‘ताठ उभा’, लघुकोन म्हणजे ‘धारदार’ आणि विशालकोन म्हणजे ‘बोथट’. हत्याराच्या टोकावरून घेतलेली ही नावे. हिंदीत न्यूनकोण, समकोण आणि अधिककोण, म्हणजे सरळसरळ कमी, सम आणि जास्त. मराठीने लघु आणि विशाल हे आकारवाचक शब्द स्वीकारले. तिन्ही भाषांत एक गोष्ट समान आहे : मोजमापाचा आकडा एकाही नावात शिरलेला नाही.

९/
एकदा काटकोन हाच मापदंड ठरला की एक अडचण उभी राहते. अलेक्झांड्रियात काढलेला काटकोन आणि दुसऱ्या एखाद्या गावी काढलेला काटकोन सारखेच कशावरून? युक्लिडने हे गृहीतक म्हणून स्वतंत्रपणे मांडले : सर्व काटकोन परस्परांशी समान असतात. हे चौथे गृहीतक. त्यामुळे काटकोन हेच एकक झाले. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश, असे युक्लिड म्हणत नाही. ती ‘दोन काटकोन’ आहे, असे तो सिद्ध करतो.

१०/
मग अंश आले आकाशातून. बॅबिलोनियात ६० च्या पटीत मोजण्याची पद्धत होती. तेथील ज्योतिषांनी राशिचक्राचे १२ भाग केले आणि प्रत्येकाचे ३०. एकूण ३६०. ग्रहांची स्थाने नोंदवण्यासाठी हे भाग सोयीचे होते. ग्रीक ज्योतिषांनी ते उचलले. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने ‘अल्माजेस्ट’मध्ये अर्ध्या-अर्ध्या अंशाच्या टप्प्याने १८० अंशांपर्यंतच्या जीवांचे कोष्टक दिले. ३६० चा चौथा भाग म्हणून काटकोनाच्या वाट्याला ९० आले. भूमितीला या आकड्याची गरज पडली नव्हती. ती पडली ग्रहगणिताला.

११/
भारतीय ज्योतिषातही अंश आणि कला होत्या, पण त्या प्रामुख्याने वर्तुळाच्या कंसाचे भाग म्हणून. आर्यभटाने वर्तुळाच्या चतुर्थांशाचे २४ समान तुकडे केले, प्रत्येक २२५ कलांचा, आणि त्यांच्या ज्यांमधील फरक दिले. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील क्षेत्रव्यवहार हा भुज, कोटी, कर्ण, लंब आणि क्षेत्रफळ यांच्याभोवती फिरतो. कोनाच्या मापावाचूनही गणित किती उंच जाऊ शकते, याचा हा पुरावा. पण त्याचा अर्थ असाही, की ‘कोनांचे प्रकार’ हा आजचा धडा त्या परंपरेतून आलेला नाही.

१२/
ग्रीकांनी कोनाचे प्रकार पाडले खरे. पण कोन म्हणजे नेमके काय, यावर त्यांचेही एकमत नव्हते. पाचव्या शतकात प्रोक्लसने युक्लिडवर लिहिलेल्या भाष्यात हा वाद नोंदवला आहे. युडेमस कोनाला गुण मानत होता, जसा वाकडेपणा हा रेषेचा गुण. अँटिऑकचा कार्पस त्याला राशी मानत होता, म्हणजे मोजता येणारे परिमाण. युक्लिडच्या व्याख्येत तो संबंध आहे, दोन रेषांचा एकमेकींकडे असलेला कल. प्रोक्लसच्या मते यांपैकी कोणतेही एक उत्तर पुरे पडत नाही. कोनात तिन्हींचा अंश आहे.

१३/
लांब भुजांच्या कोनाला मोठा म्हणणारे मूल या वादाच्या मध्यावर उभे असते. कोन ‘मोठा’ असू शकतो, असे त्याला सांगितलेले असते. मग ते डोळ्यांना दिसणारी राशी शोधते. दिसते ती भुजेची लांबी, किंवा भुजांमधली जागा. कोन हा दोन भुजांमधला संबंध आहे, हे त्याला कोणी दाखवलेले नसते. आकडा पाठ केल्याने ही उणीव झाकली जाते. भरून निघत नाही.

१४/
आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी. एकाच सरळ रेषेत असलेल्या भुजांना युक्लिड कोन मानतच नाही. म्हणजे सरळकोन त्याच्या व्याख्येत बसत नाही. मग प्रविशालकोन, पूर्णकोन आणि शून्यकोन तर दूरच. ही नावे अर्थपूर्ण होतात ती कोन म्हणजे ‘फिरणे’ असे मानल्यावर. दाराची फळी, घड्याळाचा काटा, स्वतःभोवती घेतलेली गिरकी. तेव्हा शाळेतल्या एकाच यादीत दोन निरनिराळ्या कल्पना शेजारी बसल्या आहेत, आणि मुलाला ते सांगितले जात नाही.

१५/
युक्लिड भारतात पोहोचला तो मोठ्या वळणाने. तेराव्या शतकात नसिरुद्दीन तुसीने ‘एलिमेंट्स’ची अरबी आवृत्ती सिद्ध केली. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंगाच्या दरबारातील जगन्नाथ सम्राट यांनी तिच्यावरून १५ अध्यायांचे संस्कृत ‘रेखागणित’ रचले. याच जयसिंगाने जयपूरला उभारलेल्या सम्राट यंत्राची तिरपी भिंत सुमारे २७ अंशांनी कललेली आहे, कारण जयपूरचे अक्षांश तेवढेच. ‘रेखागणित’ छापले गेले ते १९०१-०२ मध्ये, मुंबईत, बॉम्बे संस्कृत सीरिजमध्ये.

१६/
मराठी शाळेत भूमिती आली ती मात्र दुसऱ्या दाराने. १८२० च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्विस या अभियंत्याने शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने गणिताची पुस्तके मराठीत आणली. आधार होता चार्ल्स हटनच्या ग्रंथांचा. हटन हा इंग्लंडमधील वूलिच येथील लष्करी अकादमीत शिकवणारा गणिती. त्याची भूमिती मोजणी, बांधकाम आणि तोफखाना यांच्या उपयोगाची होती. तिला आकडा हवा होता, उपकरण हवे होते.

१७/
युरोपात याच सुमारास शिकवण्याच्या पद्धतीवर वाद वाढत होता. फ्रान्समध्ये क्लेरोने १७४१ मध्येच लिहिले होते, की व्याख्या आणि गृहीतकांच्या राशीने आरंभ केल्यास नवशिका कंटाळतो. त्याने स्वतःचे पुस्तक जमिनीच्या मोजणीपासून सुरू केले. इंग्लंडमध्ये मात्र युक्लिडची प्रमेये क्रमांकासह घोकून घेण्याची चाल टिकून राहिली. १८७१ मध्ये भूमितीच्या अध्यापनात सुधारणा घडवण्यासाठी शिक्षकांची संघटना निघाली. १९०१ मध्ये ग्लासगो येथे अभियंता जॉन पेरी यांनी या घोकंपट्टीवर कडाडून टीका केली.

१८/
सुधारणा झाली. मोजपट्टी, कंपास आणि कोनमापक यांना वर्गात मानाचे स्थान मिळाले. हा मोठा लाभ होता, यात शंका नाही. पण त्याबरोबर क्रम उलटला. पूर्वी काटकोन आधी कळत असे आणि बाकीचे कोन त्याच्या तुलनेने. आता ९० हा आकडा आधी येतो आणि काटकोन त्या आकड्याचे दुसरे नाव ठरतो. एका घोकंपट्टीची जागा दुसऱ्या घोकंपट्टीने घेण्याचा धोका येथेच आहे.

१९/
हा धोका विसाव्या शतकात काहींनी ओळखला. १९५७ मध्ये नेदरलँड्समधील डिना व्हॅन हीले-गेल्डॉफ आणि पिएर व्हॅन हीले या शिक्षक दांपत्याने उट्रेख्ट विद्यापीठात आपले प्रबंध पूर्ण केले. डिना बारा वर्षांच्या मुलांना फरशा जुळवायला देऊन भूमिती शिकवत. त्यांचा निष्कर्ष असा, की मूल प्रथम आकृती अखंड रूपात ओळखते, मग तिचे गुणधर्म पाहते आणि त्यानंतरच व्याख्येचा अर्थ त्याला लागतो. व्याख्या आधी दिली, तर मूल ती बोलून दाखवते, वापरत नाही. प्रबंधानंतर थोड्याच काळात डिना यांचे निधन झाले.

२०/
पुढे अमेरिकेत सीमोर पॅपर्ट आणि सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा घडवली. तिच्यातले कासव आज्ञेप्रमाणे पुढे जाते आणि वळते. समभुज त्रिकोण काढायचा म्हणून मूल प्रत्येक कोपऱ्यात ६० अंश वळण्याची आज्ञा देते, आणि आकृती मिटतच नाही. तसेच चालू ठेवले तर षटकोन होतो. त्रिकोणासाठी वळायचे असते १२० अंश, कारण कासव आतला कोन पाहत नाही, बाहेर किती फिरायचे ते पाहते. आकार म्हणून कोन आणि फिरणे म्हणून कोन, हा भेद मुलाला येथे स्वतःच्या चुकीतून दिसतो.

२१/
कोनमापकावरही हीच गंमत दडलेली आहे. त्यावर आकड्यांच्या दोन ओळी असतात, एक डावीकडून आणि एक उजवीकडून वाढत जाणारी. चुकीची ओळ वाचली की ६० अंशांचा कोन १२० चा होतो. ज्या मुलाला केवळ आकडे ठाऊक, ते वहीत १२० लिहून पुढे जाते. ज्याने कागदाच्या घडीने काटकोन केला आहे आणि समोरचा कोन त्या घडीत सामावतो हे पाहिले आहे, ते थबकते. हा तर लघुकोन. मग १२० कसा होईल? असे म्हणून ते कोनमापकाची दुसरी ओळ वाचते.