ल्युपसच्या रक्तात सापडलेली कात्री

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात एंग टॅन आणि हेन्री कुंकेल यांनी १९६६ साली ल्युपसच्या एका रुग्णाच्या रक्तातलं एक चमत्कारिक प्रतिपिंड नोंदवलं. ते जंतूंना सोडून स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकातल्या कशावर तरी तुटून पडत होतं. ते नेमकं काय, याचा पत्ता नव्हता. म्हणून रुग्णाच्या आडनावाची पहिली दोन अक्षरं उचलून त्याला ‘एसएम’ म्हटलं गेलं. जनुकांच्या काटछाटीची, म्हणजे स्प्लायसिंगची कुळकथा खरं तर इथून सांगायला हवी.

पाठ्यपुस्तकं ती १९७७ पासून सांगतात. फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी दाखवलं, की आरएनएमधले इंट्रॉन कापून टाकले जातात आणि उरलेले एक्झॉन जोडले जातात. १९९३ चं नोबेल त्यासाठीच. पण ही कात्री चालवतं कोण?

येल विद्यापीठात जोन स्टाइट्झ यांचा विद्यार्थी मायकेल लर्नर याने संधिवाततज्ज्ञ जॉन हार्डिन यांच्याकडून ल्युपसच्या रुग्णांचं रक्तद्रव मिळवलं. पेशींना किरणोत्सारी फॉस्फरस पाजायचा, त्यांच्या अर्कात हे रक्तद्रव घालायचं आणि प्रतिपिंडांबरोबर जे तळाशी बसेल ते जेलवर चढवायचं. गळ टाकला होता प्रथिनांसाठी, पण त्यांना चिकटून आरएनएही वर आले! एसएमविरोधी रक्तद्रवातून यू१, यू२, यू४, यू५ आणि यू६ असे पाच; आरएनपी नावाच्या दुसऱ्या लक्ष्याविरुद्धच्या रक्तद्रवातून फक्त यू१. हे १९७९ चं.

पुढच्या वर्षी या गटाने मांडलं, की यू१ चं सुरुवातीचं टोक इंट्रॉनच्या सुरुवातीशी अक्षराला अक्षर जुळवून बसतं. आणि इथेच वाद आहे. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये जॉन रॉजर्स आणि रँडॉल्फ वॉल यांनी रक्ताचा थेंबही न वापरता, निव्वळ अक्षरांच्या जुळणीवरून हेच सुचवलं. मग ल्युपसचं श्रेय कशाला? प्रतिपक्षाचा हुकमाचा पत्ता तर १९८६ चा: झुआंग आणि वाइनर यांनी कापण्याच्या जागेवरचं अक्षर बदलून बिघडलेलं स्प्लायसिंग यू१ मध्ये जोडीचा बदल करून सुधारून दाखवलं. पुरावा पक्का, आणि रक्तद्रवाविना. तरीही जुळणी कागदावरच होती तेव्हा, १९८३ मध्येच, स्टाइट्झ आणि शार्प यांच्या गटांनी अर्कात ल्युपसची प्रतिपिंडं घातली आणि स्प्लायसिंग थांबलं. पारडं रक्ताकडेच झुकतं.

एसएम ही सात प्रथिनांची कडी आहे. आरएनएच्या यूबहुल पट्ट्याभोवती ती बसते. तिचं कुळ मात्र स्प्लायसिंगहून जुनं असावं. इ. कोलाय जिवाणूतलं एचएफक्यू हे प्रथिन १९६८ पासून माहीत होतं. ते याच घराण्यातलं, हे २००२ मध्ये कळलं. जिवाणूंकडे तर ही कात्रीच नाही.

ही कडी चढवायला एसएमएन नावाचं प्रथिन लागतं. ते कमी पडलं, की स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी होते. शरीरात एसएमएन२ हे राखीव जनुक असतं, पण सातव्या एक्झॉनमधल्या एका अक्षराच्या फरकामुळे तो एक्झॉन बहुतेक वेळा गाळला जातो. शेजारच्या इंट्रॉनवर बसणारं एचएनआरएनपी ए१ हे प्रथिन त्या गाळणुकीला हातभार लावतं. नेमकी ती जागा झाकणाऱ्या नुसिनर्सेन या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळाली.