फासा आणि मन

दिवाळीच्या सुट्टीत भाचा मित्रांसह फाशांचा एक खेळ मांडतो. प्रत्येक जण एक पात्र घेतो, एक जण सूत्रधार होतो. ‘सूत्रधाराच्या दरबाऱ्याने गोड बोलून तुझ्या पात्राला वळवले, तर?’ मी विचारले. ‘छे, मामा! ते मीच ठरवणार.’

या उत्तरामागे इतिहास आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला. त्यात समोरचा राक्षस मित्र की शत्रू, हे फासे ठरवू शकत; खेळाडूचे मन मात्र त्याचेच राही. १९८५ मध्ये ग्रेग स्टॅफर्ड यांच्या ‘पेंड्रॅगन’ने ही मुभा आवळली. दया-क्रौर्य अशा स्वभावांच्या १३ जोड्या, प्रत्येकीची बेरीज २०. एखादा स्वभाव १६ वर गेला, की कसोटीच्या क्षणी फासा बोले आणि सरदाराला ऐकावे लागे. व्हिन्सेंट बेकर यांच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ने (२०१०) मधली वाट काढली : फासा चांगला पडला, तर ऐकणाऱ्याला लाभ, नाकारणाऱ्याला जोखीम, निवड त्याचीच.

एका हुशार मुलाला मी आग्रहाने विज्ञान शाखेला घातले होते. ‘हो सर’ म्हणाला. ते ‘हो’ त्याचे होते की माझ्या खुर्चीचे? आता मी मुलांना दोन्ही वाटांचा नफा-तोटा सांगतो आणि गप्प बसतो.