नळीत अडकलेली हवा

पांझरा नदीच्या उत्तर तीरावर, जुन्या धुळ्याच्या समोर, देवपूर वसलेले आहे. १८१८ साली खानदेश इंग्रजी अमलाखाली आल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे जिल्ह्याचे ठाणे केले, नवी पेठ आखली, आणि जुने धुळे, मोगलाई व देवपूर या निरनिराळ्या वस्त्या कालांतराने एकाच शहराच्या नावाखाली आल्या, ही हकीकत सरकारी दफ्तरांत नमूद आहे. परंतु ज्या एका लहानशा विद्येने या परिसरातील रयतेचे बागाईत निदान दोन पिढ्या जगविले, तिची नोंद कोणत्याही दफ्तरात नाही. विहिरीवरचे तेलाचे इंजिन ऐन पाळीच्या वेळी बंद पडले असता, त्याच्या बोटाएवढ्या जाड नळीत तेल नेमके कोठे अडले आहे, हे हुडकून काढण्याची ती विद्या होय.

ती इंजिनाबरोबर परदेशातून आली, असे सामान्यतः मानले जाते. मला ते अर्धेच खरे वाटते. पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांवर इंग्रजांच्या आधी कित्येक पिढ्यांपासून लहान लहान बंधारे होते, आणि त्यांच्या पाण्यावर फड पद्धती चालत असे. गावाच्या बागाईताचे फड पाडावे, एका फडात एकच पीक घ्यावे, पाण्याच्या पाळ्या सर्वांनी मिळून ठरवाव्या आणि पाटकरी, हवालदार, जागले यांच्याकरवी त्या अमलात आणाव्या, अशी तिची रीत होती. शेवटच्या शेतात पाणी पोहोचले नाही तर पाटकरी त्या शेतात जाऊन उभा राहत नसे. तो प्रथम बंधाऱ्याच्या तोंडाशी जाई, तेथे पाणी पुरेसे आहे याची खात्री करून घेई, आणि मग पाटाच्या काठाकाठाने खाली येत येत, जेथवर पाणी आहे आणि जेथून पुढे ते नाही, त्या दोहोंमधली जागा गाठी. दोष तेथेच असे: कोठे गाळ साचलेला, कोठे खेकड्याने बांध पोखरलेला, तर कोठे कोणी रात्रीतून बारे फोडलेले. उगमाकडून शेताकडे जाण्याची ही शिस्त खानदेशी शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेली होती, आणि पुढे तीच त्याच्या कामी आली.

पाणी उघड्या पाटातून निघून बंद नळात शिरले, म्हणजे काम किती अवघड होते, याचा अनुभव याच नदीकाठी एका थोर पुरुषाने घेतला आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले, तेव्हा त्यांच्या अगदी पहिल्या कामांपैकी एक पांझरेच्या पाण्यावरील नळांच्या सायफनचे होते. साक्री तालुक्यातील दातर्ती येथील हे काम पावसाने अडविले, तरी त्यांनी ते तडीस नेले. उघड्या पाटातला दोष डोळ्यांना दिसतो, पण बंद नळातल्या दोषाचे अनुमानच करावे लागते.

इंजिन येण्यापूर्वी विहिरीवर मोट होती. मोटेचा नाडा झिजला तर हाताला कळे, चाक करकरले तर कानाला कळे, बैल थकला तर धावेवरच्या त्याच्या पावलांवरून कळे. बिघाड जणू स्वतःच आपली वर्दी देत असे. १८९२ साली इंग्लंडातील ग्रँथम येथील हॉर्न्सबी यांच्या कारखान्यातून अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट याच्या पद्धतीची तेल-इंजिने विक्रीस आली आणि १८९७ साली रूडॉल्फ डीझेल याचे इंजिन ऑग्सबर्ग येथे यशस्वी झाले. परंतु ही यंत्रे आपल्याकडील सामान्य शेतकऱ्याच्या विहिरीपर्यंत येण्यास पुष्कळ काळ जावा लागला. १९०० साली चाळीसगावहून धुळ्यास आगगाडी आली आणि अवजड लोखंडी सामान येथवर आणणे सुकर झाले. सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने १९३० च्या दशकात देशी डिझेल इंजिन तयार केले. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. १९४६ साली पुण्याजवळ खडकीस किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि 'अधिक धान्य पिकवा' मोहिमेच्या त्या दिवसांत सरकारी तगाईच्या आधाराने इंजिन व पंप विहिरीवर बसविणे मध्यम ऐपतीच्या बागाईतदारालाही शक्य होऊ लागले. पुढे किर्लोस्करांचे पाच अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे इंजिन इतके पसरले की, कित्येक गावांत इंजिन म्हणजे तेच असा अर्थ रूढ झाला.

या इंजिनाला ठिणगी नाही. सिलिंडरातील हवा इतकी दाबली जाते की ती लाल लोखंडासारखी तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा धुक्यासारखा फवारा सुटला की ते आपोआप पेट घेते. तो फवारा सुटण्यासाठी सुमारे २०० वातावरणांचा दाब लागतो, आणि करंगळीएवढा प्लंजर तो उत्पन्न करतो. तेल दाबले तरी आक्रसत नाही, म्हणून प्लंजरचा प्रत्येक धक्का नोझलपर्यंत पुरता पोहोचतो. परंतु तेलाच्या वाटेत हवेचा एक बुडबुडा शिरला की प्लंजर त्या बुडबुड्यालाच दाबत बसतो, बुडबुडा आक्रसतो आणि पुन्हा फुगतो, आणि नोझलची सुई जागची हलत नाही. टाकीत तेल आहे, नळी फुटलेली नाही, हँडल मारणाऱ्याचे खांदे भरून आले आहेत, आणि तरीही इंजिन सुरू होत नाही. इंजिनाने 'एअर घेतली' म्हणतात ती हीच अवस्था.

एअर काढण्याची रीत म्हणजे पाटकऱ्याचीच चाल होय. प्रथम टाकी पाहावयाची, कारण तेल अगदी तळाशी जाऊन नळी एकदा उघडी पडली असेल, तर नंतर कितीही तेल ओतले तरी आत गेलेली हवा आपणहून बाहेर येत नाही. मग कॉक, मग फिल्टर. फिल्टरवरचा लहान स्क्रू सैल करावयाचा, आणि बुडबुडे थांबून तेलाची सलग धार लागली की तो आवळावयाचा. तेच पुढे पंपापाशी करावयाचे. शेवटी नोझलजवळचे नट सैल करून हँडल फिरवावयाचे, तेथेही निर्भेळ तेल आले की नट आवळावयाचे, आणि पुन्हा हँडल फिरविताना नोझलचा जो 'कर्र' असा आवाज होतो, तो ऐकावयाचा. तो आवाज ऐकू आला म्हणजे काम झाले. क्रम मोडून जो प्रथम नोझललाच पाना लावी, त्याचा दिवस वाया जाई.

हवा शिरण्याच्या वाटाही ठरलेल्या असत. चेपलेला तांब्याचा वायसर ही त्यातली नित्याची. तो तापवून मऊ करून पुन्हा बसविण्याची युक्ती अनेकांना अवगत होती. काळ्या जमिनीची धूळ आणि कपाशीचे तंतू हे खानदेशातले खास शत्रू, म्हणून तेल फडक्यातून गाळून घेणे आणि पिंप उभे ठेवून गाळ व पाणी तळाशी बसू देणे, हा सावध माणसाचा नेम असे. इंजिनाशेजारच्या पाण्याच्या पंपालाही हाच रोग जडे: फुटव्हॉल्व्ह गळू लागला की पंप हवा धरी, आणि तेव्हा त्यात शेणकाला ओतून फटी बुजविल्या जात. एकाच जोत्यावर तेलाची वाट आणि पाण्याची वाट, आणि दोहींना अडविणारा शत्रू एकच.

पुढे वीज आली. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, खांब शेतापर्यंत पोहोचले, आणि इंजिने गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसली. भारनियमनाच्या काळात ती पुन्हा बाहेर काढावी लागली, परंतु तोवर एअर काढणारे हात कमी झाले होते.

आज ती विद्या निराळ्या रूपाने शिल्लक आहे. कपाशीवर फवारणी करणारे पाठीवरचे पेट्रोल-यंत्र आता गावोगाव दिसते. परदेशांतील बागांत वाऱ्याच्या झोताने पालापाचोळा उडविण्याचे जे यंत्र वापरतात, ते याच फवारणी-यंत्राचे भावंड. त्याच्या टाकीत एक मऊ नळी सोडलेली असते आणि तिच्या टोकाला वजनदार गाळणी असते, जेणेकरून यंत्र कसेही कलले तरी टोक तळाशीच राहावे. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात. जुन्या धाटणीच्या रबराला ते मानवत नाही, नळी कडक होते, टाकीत शिरते त्या जागी तडकते, आणि पेट्रोलऐवजी हवा ओढू लागते. यंत्र मंद चालते, पण गती वाढविताच मरते. याच्या उलट, झाकणातले वायुछिद्र बुजले तर टाकीत पोकळी होऊन दहा मिनिटांत यंत्र थांबते, आणि झाकण सैल करताच पुन्हा चालू होते. टाकीत हवा शिरलीच पाहिजे, आणि नळीत ती मुळीच शिरता कामा नये. हे एवढे ज्याला समजले, त्याला निम्मे निदान समजले, असे मी मानतो.

धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२६ साली याच शहरात देह ठेवला, आणि पुढील वर्षी त्यांच्या नावाने ते स्थापन झाले. ज्या संशोधकाने गावोगाव हिंडून घरोघरचे कागद गोळा केले, त्याच्या गावात इंजिनाच्या विद्येचा एकही कागद नसावा, हे मला खटकते. देवपुरात, साक्रीत, शिरपुरात, चोपड्यात ज्या घरांतून अजून एखादे जुने इंजिन उभे आहे आणि त्याची एअर काढणारे वडीलधारे माणूस हयात आहे, त्या घरांतील मंडळींनी त्यांच्याजवळ बसून ते कसे करीत, कोणता आवाज ऐकत, कोठे बोट ठेवीत, हे त्यांच्याच अहिराणी शब्दांत लिहून घ्यावे, आणि त्याची एक प्रत मंडळाकडे पोहोचती करावी.